उजवी नाकपुडी

अमेरिकेत कुणाचं तरी कुणाशी वाजलं आणि नांदगाव खंडेश्वरात गाद्या उसवल्या जाऊ लागल्या. तिकडचा कापूस यायचा थांबला आणि इकडच्या कापसाला भाव असा चढला, की खुशालरावाच्या घरच्या गाद्या, उशा पोट फाडून अमरावतीच्या बाजारात गेल्या, आणि सगळं घर घोंगड्यावर निजून श्रीमंत झालं.

श्रीमंतीला वारस पाहिजे. मैनाबाईला तिन्ही मुली. सासूनं, गोदाबाईनं, तिला समोर बसवून शांतपणे सांगितलं, "आता पुन्हा पोट्टी झाली, तं मोर्शीची दुर्गा आनतो घरात. तुह्याच वयाची हाय, रांडावली बिचारी. खुशालशी पाट लावून देतो. तुह्यावर राग नाई माहा."

राग असता तर बरं झालं असतं. राग उतरतो.

उपाय अकोल्याच्या जुन्या शहरातल्या हरिहरशास्त्र्यांनी दिला. गर्भ राहते वेळी नवऱ्याचा श्वास उजव्या नाकपुडीतून चालावा, बायकोचा डाव्या, की मुलगाच होतो. पण हंगाम सरकी काढायचा होता. घरभर तंतू उडत होते आणि खुशालरावाच्या दोन्ही नाकपुड्या दिवाळीपासून बंद होत्या. शास्त्राच्या हिशेबानं तो कोणत्याच बाजूचा नव्हता.

डाव्या कुशीवर निजा, उजवी उघडेल, असा शास्त्रीबुवांचा निरोप आला. गोदाबाईचं म्हणणं, मुलगा उजव्या कुशीचा. खुशालराव आज्ञाधारक, तो दोन्ही कुशींवर आलटून पालटून निजला आणि त्याला चक्कर आली. शेवटी डावी नाकपुडी बुजवायला त्यानं आईला कापसाचा बोळा मागितला.

"या भावात? नाकात घालाले?" गोदाबाई म्हणाली. "चिंधी घाल."

चिंधी घालून तो ओसरीवर शिंकत बसला. मैनाबाई दारातून बघत होती.

"अवो, चालू झाली का उजवी?"

"डावी बंद हाय. उजवीचं काई सांगता येत नाई."

"मंग श्वास कुठून घेऊन राहिले?"

"तोंडानं."

"तोंडाचं काय सांगतलं शास्त्रीबुवानं?"

"तोंडाचं त्यायनं काईच नाई सांगतलं."

पुढच्या वेचणीच्या सुमाराला मुलगी झाली. चांगली गुटगुटीत होती. शास्त्रीबुवा चौकशीला आले. खुशालरावाला त्यांनी काही विचारलं नाही. तो शिंकत होता. मैनाबाईला मात्र विचारलं, "तुमचा श्वास त्या वेळी कोणत्या बाजूनं होता?"

"महाराज, मी भेवानं श्वास रोखूनच धरला होता."

"इथंच चुकलं," शास्त्रीबुवा म्हणाले.

गोदाबाईला हायसं वाटलं. म्हणजे उपाय खरा होता.

मोर्शीला जाताना तिनं मैनाबाईलाही बैलगाडीत घेतलं. "तुले नाकातलं समजते," ती म्हणाली. "एकडाव फसलो. आता पाहून घेऊ."

दुर्गाबाई पाटावर बसली. तिचे भाऊ, गोदाबाई, चार म्हाताऱ्या, सगळे तिच्या नाकाकडे पाहू लागले. मैनाबाईनं तिच्या नाकाखाली बोट धरलं. दोन्हीकडून सारखी ऊब येत होती. इतकं मोकळं नाक तिनं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

दुर्गाबाई ओठ न हलवता पुटपुटली, "नाई म्हन ना वो बाई. मले नाई यायचं."

मैनाबाईनं बोट आणखी थोडा वेळ तिथंच ठेवलं. जाणकार माणूस वेळ लावतो.

"डावी पार बंद हाय, आत्याबाई," ती म्हणाली. "ही काई कामाची नाई."

गोदाबाईनं गुळाची पुडी सोडली.

"पार बंद कोनाचीच नसते. पाट लागला का उघडते," ती म्हणाली. "अन् नाई उघडली, तं तू हायेस ना सांगाले."

गूळ वाटला. मैनाबाईच्याही हातावर खडा आला. तो तिनं खाल्ला, कारण सगळे बघत होते.

परतताना गाडीत गोदाबाई म्हणाली, "दुसरी चूल कुठं मांडू, तूच सांग."

सुनेला काही विचारायची त्या घरातली ही पहिलीच वेळ. मैनाबाईनं बैलांकडे पाहत जागा सांगितली.