कामास योग्य

"तुम्ही खोटं लिहिलंत," पत्र भरपाईच्या कचेरीच्या खिडकीतून आत सारत नर्सबाई म्हणाली. "‘जुन्या नोंदी वाचता येत नाहीत.’ येत नाहीत, की वाचायच्या नाहीत?"

खिडकीतल्या साहेबानं मानही वर केली नाही.

"फ्लॉपी आहे, बाई. ती वाचणारं मशीन आता शिल्लक तरी आहे का? तुम्हाला जमतंय तर न्या."

आणि त्यानं फ्लॉपीचं पाकीट बाहेर ढकललं. ब्याद टळली म्हणून.

बाई बावीस वर्षं कारखान्याच्या दवाखान्यात होती. घासकाम खात्यातल्या, दिवसभर धूळ खाणाऱ्या माणसांना दर सहा महिन्यांनी नळीत फुंकायला लावायचं आणि श्वासाचा आकडा दवाखान्यातल्या पोर्टेबल कॉम्प्युटरवर भरायचा, हे तिचं काम. त्या रांगेत तिचा धाकटा भाऊही असायचा. आता एक जिना चढताना त्याला दोनदा बसावं लागतं. आणि हे दुखणं कारखान्यातलं नव्हेच, असं साहेबाचं पत्र म्हणत होतं.

तसलंच एक मशीन भंगारात सापडलं, पण बिनकेबलचं. घरात एक केबल होती, तोंड जुळलं, बाईनं लावली. धूर निघाला.

"चप्पल पायात शिरली म्हणून आपली होते का, बाई?" वायरवाला कपाळावर हात मारून म्हणाला. त्याच्या दुकानात जुन्या तारांशिवाय काहीच नव्हतं. "तोंड तेच, पण आत प्लस-मायनस उलटं. आता दुसरं मिळालं तर मला विचारल्याशिवाय बोट लावायचं नाही."

दुसरं मिळायला सात आठवडे गेले. एका बंद पडलेल्या शाळेच्या अडगळीत ते होतं. त्याची केबल कुठंच मिळेना, तेव्हा वायरवाल्यानं भलत्याच कंपनीची घेतली, मीटर लावून एकेक तार तपासली आणि दोन तारांची अदलाबदल केली. फ्लॉपी ड्राइव्हमधल्या रबरी पट्ट्याचं डांबर झालं होतं. टेपरेकॉर्डरचा पट्टा घातला, तो घसरला. दुसऱ्या टेपरेकॉर्डरचा घातला, तो चालला.

शेवटी त्यानं फ्लॉपीच्या कोपऱ्यातली बारीक खिटी सरकवली.

"आता हिच्यातलं फक्त वाचता येईल. पुसता येणार नाही, की बदलता येणार नाही."

"कुणालाच?"

"खिटी अशी आहे तोवर ब्रह्मदेवालाही नाही."

बाईनं रुमालाला हात पुसले. ते कोरडेच होते.

भाऊ स्टुलावर येऊन बसला. "शिवणयंत्राएवढं धूड, आणि म्हणे पोर्टेबल," तो म्हणाला. ड्राइव्ह करकरला. हिरव्या अक्षरांत यादी उमटली. पुढचं पान आणायच्या कळीवर बाईचं बोट थांबलं.

"दाब की, ताई. श्वास मला कमी पडतोय, तुला काय धाड भरलीय?"

तिनं कळ दाबली. भावाच्या नावापुढचे आकडे ओळीओळीनं उतरत गेले. चारशे ऐंशी. चारशे दहा. तीनशे चाळीस. दोनशे नव्वद. प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच शेरा होता, ‘कामास योग्य’, आणि त्यापुढे नोंद करणाऱ्याच्या नावाची दोन अक्षरं.

भावानं दोनदा वाचलं.

"ही अक्षरं तुझी."

"माझी."

"हे निघणार, हे ठाऊक होतं तुला?"

"मीच भरलंय. मला ठाऊक नसणार?"

वायरवाला उगाचच तारांची भेंडोळी लावत बसला. भाऊ बराच वेळ श्वास गोळा करत राहिला.

"छाप," तो म्हणाला. "तुझ्या अक्षरांसकट."

दुसऱ्या दिवशी साहेबानं कागद चाळले आणि तो हसला.

"बाई, यात तर तुम्हीच अडकताय."

"अडकतेय. पहिल्याच पानावर सही करून लिहिलंय. शेरा खोटा होता, वरून ठरून आला होता, आणि तो मी भरला." तिनं शेवटचं पान उपसून वर ठेवलं. "ही फ्लॉपी दर सहा महिन्यांनी इथं यायची. हे आकडे इथं कुणीतरी पाहिलेत. ही बघा, दर वेळी ‘तपासले’ म्हणून तारीख आहे. तेव्हा वाचता येत होतं तुम्हाला. नाव मात्र कुणाचंच नाही."

साहेबानं आता मान वर केली.

"माझं नाव मी दिलंय," बाई म्हणाली. मागची रांग कुरकुरू लागली, ती हलली नाही. "तपासणारा कोण होता? लेखी द्या."