मावशीचा फोटो

साठी उलटल्यावर आईने मोठ्या सेन्सरचा, कमी उजेडातही स्पष्ट फोटो काढणारा फुल-फ्रेम कॅमेरा घेतला आणि घरात वादाला तोंड फुटलं. पहिल्याच फोटोचे चारही कोपरे काळे आले, तेव्हा दादाला आयतंच निमित्त मिळालं.

"परत करून टाक. एवढं वजन तुझ्या मनगटाला झेपणार आहे का?"

"कोपरे काळे आले ते जुन्या लेन्समुळे. ती लहान सेन्सरसाठी होती," आई म्हणाली. "आणि मनगटाचं म्हणशील, तर तुला कडेवर घेऊन फिरले तेव्हा कुणी विचारलं नव्हतं."

तिने जुन्या लेन्स विकल्या, एकच नवी घेतली आणि आम्हा दोघांना घेऊन थेट मावशीकडे गेली. डोळ्यांच्या आजारामुळे मावशीला उजेड सोसत नसे, म्हणून तिच्या खोलीचे पडदे कायम ओढलेले असत. फ्लॅशच्या धास्तीने तिने कित्येक वर्षांत कुणाला फोटो काढू दिला नव्हता.

"फ्लॅश मारलास तर याद राख!"

आईने पडद्याला हातही लावला नाही. कोपरं पोटाशी घट्ट धरून तिने फोटो काढला आणि स्क्रीन मंद करून मावशीपुढे धरला. त्या अंधुक खोलीतही फोटोत मावशीच्या पापणीचा केस न् केस मोजता येत होता.

दादा वाकून बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "छान आलाय. फक्त सुरकुत्या जरा पुसून टाक."

आई काही बोलणार, तोच मावशी कडाडली, "खबरदार! एकही पुसायची नाही. इतकी वर्षं लपून बसले, आता सगळी दिसणार मी."