बोनेटखालची दुवा

गाडी दिसायच्या आधी मोहियोद्दीन मिस्त्रींना तिचा आवाज आला.

नांदेडच्या देगलूर नाक्यावर भर दुपारी कसले आवाज नसतात? ऑटोवाल्यांचे हॉर्न, शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातली चरचर, चहावाल्याची शिवीगाळ. या सगळ्यांच्या वरून, ताणलेल्या तारेसारखी बारीक, एक शीळ येत होती. ॲक्सिलरेटर दाबला की चढणारी, सोडला की खाली बसणारी. गेल्या आठ वर्षांत ही शीळ मिस्त्रींना पुष्कळदा ऐकू आली होती. बायको गौसियाबींच्या मिक्सरमधून, पिठाच्या गिरणीतून, एकदा तर नमाजाला उभे असताना मशिदीच्या पंख्यातून. दर वेळी मान वळवून पाहिलं की तिथं काही नसायचं. म्हणून आज त्यांनी मान वळवलीच नाही. हातातला पाना तसाच धरून खाली बघत राहिले.

शीळ दारात येऊन उतरली. दार उघडल्याचा आवाज झाला.

"मोहियोद्दीन मिस्त्री तुम्हीच का, चाचा?"

गाडी लाल होती. मिस्त्रींनी तिला पांढरी पाहिली होती. तिच्यातून उतरलेला तरुण सोमेश, लातूरचा, कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारा. पलीकडून त्याची बायको ऋतुजा उतरली आणि उन्हाला हात आडवा धरून उभी राहिली.

"चार महिन्यांपूर्वी घेतली, किल्लारीच्या एकाकडून," सोमेश सांगू लागला. "त्याच्या आधी उमरीला होती. हिला ब्लोअर बसवलेला आहे. लातुरात कोणी हात लावायला तयार नाही. सगळे म्हणतात, हे काम नांदेडच्या मिस्त्रीचंच."

ब्लोअर म्हणजे इंजिनच्याच पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप, सुपरचार्जर. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त, पेट्रोल जास्त म्हणून ताकद जास्त. मिस्त्रींनी आयुष्यात तो एकाच गाडीला बसवला होता. ती ही गाडी.

"सर, काय करायचं हिचं?" मिस्त्रींनी विचारलं. आवाज आपलाच आहे का, असं त्यांना वाटलं.

सोमेशनं मोबाइल काढला. यादी तयार होती. ब्लोअर आणखी जोरात फिरावा म्हणून छोटी पुली. मोठे इंजेक्टर. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर. मागं पंख. गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा.

"पंख कशाला?" मिस्त्री म्हणाले. "उडून जायली का गाडी?"

ऋतुजा हसली. "मी हेच म्हणते, चाचा. घरातला फॅन दुरुस्त होत नाही आणि हिला पंख."

"पंखाचं सोडा," सोमेश म्हणाला. "सायलेन्सर?"

"आवाज हाय की हिला. लांबून येतो." मिस्त्रींनी कपाळावरचा घाम पुसला. "पुली न्हाई बदलायची. हाय ती हवाच हिला जास्त व्हायली. तुमच्या लातूरच्या उन्हाळ्यात तापलेली हवा आत जाते, इंजिन आतून खटखट ठोकायला लागतं. ठोकतंय ना, चढाला?"

"ठोकतंय."

"मग आधी हवा थंड करणारी जाळी लावा, इंटरकूलर. मोठे इंजेक्टर म्हणता ते बरोबर हाय, पेट्रोल कमी पडून राहिलं. टायर बदला, हे दगड झालेत. न् ब्रेक. पुढं मोठ्या डिस्क, मागचे ड्रम काढून तिथंबी डिस्क. पाइप, ऑइल, समदं नवं."

सोमेश हिशेबी माणूस होता. मनात बेरीज करून त्याचा चेहरा पडला. "एवढं सगळं करून गाडी पळणार तेवढीच?"

"पळणार तेवढीच."

"मग काय उपयोग, चाचा? ब्रेक लागतात की. ब्रेकचं पुढच्या वेळी बघू."

मिस्त्रींनी सोमेशकडे पाहिलं. शब्द त्याच्या तोंडून आले होते, पण ते त्याचे नव्हते. याच दारात, याच गाडीच्या बोनेटवर हात ठेवून, हेच शब्द आठ वर्षांपूर्वी स्वतः मिस्त्री बोलले होते.

ते गाडीत जाऊन बसले. चावी फिरवायची म्हणून पाय पुढं केला तर पेडलला पोचेना. सीट पार मागं, शेवटच्या खाचेत होती.

"हां, तेही बघा," सोमेश खिडकीशी येऊन म्हणाला. "ही सीट सरकते. मी रोज पुढं घेतो, सकाळी पाहावं तर मागं. आत्ताही पुढं घेऊनच चालवत आलो. लॉक गेलं असेल."

मिस्त्रींनी सीटखाली हात घातला. खटका चाचपला, दात चाचपले. कुठं झीज नव्हती. सीट त्यांनी पुढं ओढली, ती खट् करून बसली, हलवून पाहिली तर हलेना. शेवटच्या खाचेत बसून ही गाडी चालवायला माणूस सहा फुटी लागतो. असा एक त्यांना माहीत होता.

सुदर्शन. जळकोटकडच्या एका खेड्यातला, व्यंकटरावांचा मुलगा. बोअरवेलच्या मशिनी चालवायचा. दाबाच्या हवेनं खडक फोडणारा माणूस. "चाचा, हवेनं जमीन फुटते, मग माझी गाडी का पळणार न्हाई?" म्हणून गळ्यात पडला होता. ब्लोअर त्यानंच कुठून तरी आणवला. मिस्त्रींनी तीन महिने त्यात घातले. घरचं जेवण, झोप, काही सुचेना. शेवटी सुदर्शननंच विचारलं होतं, "चाचा, आता ब्रेकचं काय?" तेव्हा मिस्त्रींना ब्रेक दिसतच नव्हते. त्यांना ती शीळ ऐकायची होती. ब्रेक लागतात की, म्हणाले ते. पुढच्या वेळी बघू.

पाचव्या दिवशी जांबच्या अलीकडच्या उतारावर गाडी रस्ता सोडून काळ्या रानात गेली. गाडीला फार झालं नाही. दार उघडलं आणि सुदर्शन बाहेर फेकला गेला. व्यंकटराव नांदेडला आले, गॅरेजच्या दारात उभे राहिले आणि एवढंच विचारलं, "मिस्त्री, गाडीत काही खोट व्हती का?"

"न्हाई," मिस्त्री म्हणाले.

व्यंकटरावांनी मान हलवली आणि ते गेले. आठ वर्षं झाली.

"तसं हिला काही होत नाही म्हणा," सोमेश सांगत होता. "उमरीच्या मालकाच्या आधी एकदा रानात गेली होती म्हणे, पण नुसती खरचटली. हिला दुवा आहे."

"काय हाय?"

"या ना, दाखवतो."

त्यानं बोनेट उचलून काठीवर टेकवलं. बोनेटच्या आतल्या बाजूला काळ्या ऑइलपेंटनं उर्दूत सहा ओळी लिहिलेल्या होत्या. त्यांच्या कडेनं हळदीकुंकवाची बोटं होती. बिजागरीत झेंडूचं सुकलेलं फूल अडकवलं होतं.

"उमरीच्या मालकानं गाडी लाल केली, पण पेंटरनं इथं ब्रश लावला नाही. हात जोडून सोडून दिलं. आमची आई तर रोज उदबत्ती ओवाळते. कुराणातली आयत आहे म्हणतात कुठली तरी."

मिस्त्रींनी आपलं अक्षर ओळखलं. त्यांच्या उस्तादांची रीत होती ती. केलेलं काम बोनेटच्या आत लिहायचं. ओळीच्या आधी एक गोल. काम झालं की गोल भरायचा, राहिलं असेल तर रिकामा ठेवायचा. पुढं कोणाच्याही हातात गाडी गेली तरी काय झालं आणि काय राहिलं ते त्याला कळावं. मिस्त्री चौथीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेले, म्हणून उर्दूत लिहायचे. सुदर्शन गेल्यापासून त्यांनी एकाही बोनेटवर लिहिलं नव्हतं.

"चाचा, तुम्हाला वाचता येतं ना?" ऋतुजानं विचारलं. "सासूबाई म्हणाल्या, मिस्त्रींना अर्थ विचारून ये. उदबत्ती ओवाळताना म्हणता येईल."

खुदा या गाडीची हिफाजत करो. एवढं म्हटलं की झालं असतं. म्हातारी बाई रोज म्हणाली असती, सोमेशनं कुठून तरी पुली बसवून घेतली असती, आणि जांबचा नाही तर दुसरा कुठला उतार या मुलाची वाट बघत राहिला असता. मिस्त्रींच्या जिभेवर वाक्य आलंही. त्याची चव त्यांना ओळखीची वाटली. त्या एका "न्हाई"ची हीच चव होती.

त्यांनी काळं झालेलं बोट पहिल्या ओळीवर ठेवलं.

"ब्लोअर. झालं," ते वाचू लागले. "पट्टा. झालं. प्लग. झालं. रेडिएटरचा पंखा. झालं. पेट्रोलचा पंप. झालं."

सोमेश हसायला लागला होता, पण थांबला. मिस्त्रींचं बोट शेवटच्या ओळीवर होतं. तिच्या आधीचा गोल रिकामा होता.

"ब्रेक. पुढच्या वेळी."

वेल्डिंगवाल्यानं तेवढ्यात काम थांबवलं, का मिस्त्रींनाच ऐकू येईना, कोण जाणे.

"हे माझं अक्षर हाय, सर. पुढची वेळ आली न्हाई." मग त्यांनी सांगितलं. सुदर्शनचं नाव, त्याचं गाव, उतार. "ब्रेक तुटले नव्हते. तापले. ऑइल उकळलं की पेडल कापसात गेल्यावाणी खाली जातं, गाडी थांबत न्हाई. मी पोलीस ठाण्यात जाऊन बघितली गाडी. पॅड जळून काचेसारखे चकचकीत झालते. समदं कळलं मला तिथंच."

सोमेश रस्त्यापर्यंत गेला. तिथं ऑटोंच्या गर्दीत पाठमोरा उभा राहिला. ऋतुजानं बिजागरीतलं फूल काढलं, टाकावं कुठं ते न कळून मुठीत धरलं.

"त्यांच्या घरी माहीत आहे?" तिनं विचारलं.

"न्हाई."

सोमेश परत आला तेव्हा त्याचा आवाज चढलेला होता. "मी पोरांना घर्षण शिकवतो, चाचा. फळ्यावर ब्रेकची गणितं घालतो. आणि चार महिने माझी आई तुमच्या राहिलेल्या कामाला ओवाळतेय." तो गाडीपासून मागं सरला. "विकून टाकतो मी ही."

"विका. पण जो घेईल त्यालाबी ही दुवाच वाटंल."

सोमेशनं बोनेटकडे पाहिलं. मग मोबाइलवरची यादी उघडून एकेक ओळ पुसली. "ब्रेक घाला. जाळी, टायर, इंजेक्टर. बाकी काही नको."

"आणि चाचा, सुदर्शनच्या घरी सांगून या," ऋतुजा म्हणाली. "त्याशिवाय ही गाडी आमच्या दारात नको."

काम दहा दिवस चाललं. मिस्त्रींनी डिस्क स्वतः बसवल्या, ऑइल स्वतः भरलं, पाइपातली हवा निघून पेडल दगडासारखं होईपर्यंत दाबत राहिले. पहिल्याच सकाळी शटर उघडलं तर सीट पुन्हा मागच्या खाचेत होती. त्यांनी ती पुढं घेतली नाही. मागच्या खाचेतच राहू दिली आणि दाराबाहेरून वाकून काम केलं.

दहाव्या दिवशी सोमेश लातूरहून बसनं आला. बोनेट उघडून त्यानं पाहिलं.

"गोल भरायचा राहिलाय."

"काम झालं न्हाई अजून," मिस्त्री म्हणाले आणि पाठीमागं उशी घेऊन गाडीत बसले.

सोमेश शेजारी बसला. कंधार मागं पडलं. मिस्त्री सावकाश चालवत होते, तरी शीळ होतीच, कानाच्या आत बोलल्यासारखी. जांबच्या अलीकडचा तो उतार आला. मिस्त्रींनी आरशात मागं रस्ता मोकळा असल्याचं पाहिलं, गाडी पळू दिली, आणि निम्म्यावर पूर्ण पाय दाबला. गाडी नाक खाली करून सरळ रेषेत थांबली. उजवीकडं काळं रान होतं, त्यात सोयाबीन उभं होतं.

"लागले की," सोमेश हळूच म्हणाला.

मिस्त्री स्टिअरिंग धरून बसून राहिले. मागून आलेल्या जीपनं हॉर्न दिला तेव्हा त्यांनी गाडी पुढं घेतली.

व्यंकटरावांचं गाव मुख्य रस्त्यापासून दीड किलोमीटर आत होतं. मिस्त्रींनी फाट्यावर, लिंबाखाली, इंजिन बंद केलं. हा आवाज त्या घरापर्यंत न्यायची त्यांची हिंमत नव्हती. सोमेश गाडीपाशी थांबला. मिस्त्री उन्हातून चालत निघाले. बोलायचं ते त्यांनी मनात कितीदा जुळवलं आणि कितीदा मोडलं.

व्यंकटराव ओट्यावर बसले होते. खूप वाळले होते. शेजारी कस्तुराबाई सुपात भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या.

"राम राम, व्यंकटराव. मी मोहियोद्दीन. नांदेडचा मिस्त्री."

व्यंकटरावांना नवल वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी हातानं जागा दाखवली. "या. बसा. गाडी कामून फाट्यावर उभी केली?"

मिस्त्रींनी मागं वळून पाहिलं. फाटा दिसत नव्हता. मधे उसाचं रान होतं. "आवाज आला का तुम्हाला? एवढ्या लांबून?"

"रोजच येतो की," कस्तुराबाई मान वर न करता म्हणाल्या. "दुपारचा. दारापातूर येतो न् तसाच निगून जातो. थांबत न्हाई."

"आज थांबला," व्यंकटराव म्हणाले. "म्हून म्हनलं, कोन आलं बगावं."

मिस्त्री ओट्यावर बसले नाहीत. ओट्याखाली, त्यांच्या पायांशी जमिनीवर बसले.

"व्यंकटराव, तुम्ही मला एक इचारलं होतं. माझ्या गॅरेजच्या दारात."

"हाव," व्यंकटराव म्हणाले. "इचारलं व्हतं."

कस्तुराबाईंच्या हातातली शेंग फोडायची राहिली.