मुराळी

सौरभ फोनवर नेहमी एकच सांगायचा, आई झोपलीय मामा. सकाळी केला तरी झोपलेली, दुपारी केला तरी झोपलेली. लवूला आधी खरंच वाटलं. म्हातारं माणूस, लागत असेल डोळा. पण सोनूबाई त्याची थोरली बहीण, आणि ती दिवसाउजेडी आडवी झालेली त्यानं जन्मात पाहिली नव्हती. नवरा गिरणीतून यायच्या आत घरात पाणी, चूल, पोर सगळं उरकून बसणारी बाई ती. शेवटी एका मंगळवारी तो कोणाला न विचारता मानखुर्दहून निघाला, वाटेत कोकणी मालाच्या दुकानातून खाज्याचा पुडा घेतला आणि मुलुंडला भाच्याच्या इमारतीत येऊन लिफ्टचं बटण दाबलं.

वर आला तर जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप. कोणी नाही म्हणून परत फिरणार, तेवढ्यात आतलं लाकडी दार उघडलं आणि सोनूबाई दिसली. तिला ओळखायला त्याला जरा वेळ लागला. अंगावरचा गाऊन खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता आणि तोंडावर टॉवेलाचा कोपरा घट्ट धरलेला.

तो म्हणाला, "बाय, जेवलंस?"

"जेवलंय," ती टॉवेलातून म्हणाली. कोणी विचारलं की असंच म्हणायचं, हे दोघांना एकाच आईनं शिकवलेलं. लवूनंही ते खरं धरलं आणि जाळीतून खाज्याचा तुकडा पुढे केला. तिनं तो घाईघाईनं तोंडात टाकला आणि तेव्हा त्याला दिसलं की तिच्या तोंडात दात नाहीत. ती खाजं चघळत होती, गुळाचं पाणी हनुवटीवरून ओघळत होतं, आणि तुकडा संपायच्या आधी तिचा हात पुन्हा बाहेर आला होता.

कवळी कुठे गेली विचारलं, तर म्हणाली, सुनेच्या कपाटात, कुलपात. "मी जास्ती बोलतंय म्हणान सुनेन काढून ठेवल्यान." हे तिनं तक्रारीच्या सुरात सांगितलं असतं तर लवूला बरं वाटलं असतं. तिनं ते सांगितलं जणू काही पावसाळ्यात गाद्या वर टाकून ठेवतात, तशातलाच हा प्रकार. मग तिनं जाळीला कपाळ टेकवून भावाकडे नीट पाहिलं.

"लवू, माका न्हेवक इलंस?"

हा प्रश्न फार जुना होता. सोनूबाई लग्न होऊन मुंबईला आली तेव्हा दर मे महिन्यात लवू गावाहून तिला न्यायला यायचा. मुराळी म्हणायचे त्याला. माहेरचा मुराळी दारात उभा राहिला की सासुरवाशिणीला अडवायची कोणाची टाप नसे. तिची खाष्ट सासूसुद्धा गुपचूप डबा बांधून द्यायची. आता गावचं घर चुलत भावांकडे गेलं होतं. सोनूबाईचं माहेर म्हणजे लवू, एवढंच उरलं होतं.

लवूच्या तोंडून हो निघून गेलं. खोटं बोलायचं असं त्याच्या मनात नव्हतं. त्या प्रश्नाला दुसरं उत्तर कधी दिलेलंच नव्हतं. ती लगबगीनं आत गेली. कपाटाचा आवाज आला, पिशवीचा आवाज आला.

त्यानं सौरभला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, म्हणाला संध्याकाळी या. एवढ्यात समोरच्या अनुपमाताईंनी दार किलकिलं केलं. त्यांनी दबक्या आवाजात सांगितलं की आजींना रोज असंच कोंडून जातात. मागे त्यांनी जाळीतून उपमा दिला तर सून रुचिरा भांडायला आली, आमची अब्रू काढता म्हणाली. पोलिसांचा नंबर त्यांच्याकडे होता, पण त्यांनी तो लवूच्याच मोबाइलवर दाबून दिला. कायम समोरासमोर राहायचंय ना काका, म्हणाल्या. लवूला राग आला, पण उपमा तरी त्यांनीच दिला होता.

पोलिसांकडून एक महिला हवालदार आली. तिच्या एका फोनवर सौरभची मीटिंगही संपली. नवरा-बायको दोघं घामेजून आले, कुलूप निघालं. आत सोनूबाई चांगली साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसली होती. लवूला तिच्याकडे बघवेना.

रुचिरा आधी तावातावानं बोलत होती. आई बाहेर जातात, दारोदार खायला मागतात, कामावर माझा जीव अर्धा होतो. मग हवालदारानं शांतपणे विचारलं की दात कशाला काढले, तेव्हा ती रडायला लागली आणि कवळी काढून आणायला गेली. सौरभ भिंतीला टेकून उभा होता. तो एवढंच म्हणाला की मामा, तुम्ही घरातलं बाहेर काढलंत. लवूच्या जिभेवर फार काही आलं होतं. पण या पोराला त्यानंच खांद्यावर बसवून गणपती दाखवले होते.

हवालदार सोनूबाईसमोर स्टूल घेऊन बसली. आजींची इच्छा असेल तर तक्रार घेते, आजच एखाद्या वृद्धाश्रमात सोय करते, पण ते त्यांनी स्वतः सांगायला हवं, असं तिनं समजावलं. मग पिशवीकडे पाहून ती लवूकडे वळली.

"काका, तुम्ही नेताय का यांना?"

लवूनं मुलीला फोन लावला. त्याला ऐकू कमी येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर. सवयीनं तो आत्ताही तसाच राहिला. मनालीनं सगळं ऐकून घेतलं. ती वाईट मुलगी नाही. मानखुर्दच्या त्या एका खोलीत नवरा, सासू, पोरं, आणि बाप बाहेरच्या गॅलरीत.

"बाबा, आत्याला कुठे झोपवू ते सांगा, मी झोपवते," ती म्हणाली. अख्ख्या हॉलनं ते ऐकलं. लवू स्पीकर बंद करायचं बटण शोधत राहिला. शेवटी मनालीनंच फोन ठेवला.

सोनूबाईनं सुनेच्या हातातून कवळी घेतली, भिंतीकडे तोंड करून बसवली आणि पुन्हा वळली. तोंडावरचा पदर तिनं बाजूला केला. परक्या माणसांशी ती शाळेतल्या पुस्तकासारखं बोलायची, तसंच ती आत्ता बोलली, एकेक शब्द स्वच्छ.

"बाई, लिहून घ्या. भाऊ मला न्यायला आलाय. त्याच्या घरी मला कधी कोणी नाही म्हणत नाही. मलाच जायचं नाही. माझा मुलगा चांगला आहे."

हवालदारानं पेन थांबवलं आणि लवूकडे पाहिलं. "बरोबर आहे का, काका?"

नाही म्हणता आलं असतं. ती घाबरून बोलतेय, तिला आश्रमात न्या, पण इथे ठेवू नका, एवढं सांगायला काही खोली लागत नव्हती. पण त्या आश्रमाच्या दारापर्यंत बहिणीला पोहोचवणारा मुराळी आपण, हे त्याला सोसेना. लाज मोठी की बहीण, याचा विचार त्याच्या मनात आला आणि तो विचार संपायच्या आत त्यानं होकारार्थी मान हलवली.

हवालदारानं आपल्या परीनं बजावलं. दाराला बाहेरून कुलूप नको, एक चावी समोरच्या ताईंकडे, आणि ती स्वतः येऊन बघणार. सौरभ हो हो म्हणत राहिला.

सोनूबाई भावाला सोडायला लिफ्टपर्यंत आली. चालताना ती भिंत धरत होती. लवूनं खाली मान घालून विचारलं, "खोटा कित्याक बोललंस, बाय?"

"नायतर तुका नाय म्हणूचा लागला असता," ती म्हणाली. "म्हायेरान नाय म्हटलेला माका आयकूचा नाय होता."

लिफ्ट आली. लवू एकटाच आत शिरला.