समोरचा

आवाज चालू

यंत्रमागांच्या शेडमध्ये कानांना सुट्टी असते. सगळे धोटे एकदम आपटायला लागले की देव जरी बोलायला आला तरी त्याचं कुणाला ऐकू जायचं नाही. म्हणून तिथली माणसं डोळ्यांनी ऐकतात. आवाज न काढता तोंड मोठं उघडायचं, शब्द चावत चावत बोलायचा, आणि पलीकडच्यानं तो ओठांवरून उचलायचा.

तो तिथलाच एक विणकर. त्याच्या मागापलीकडे जो उभा असायचा त्याचं नाव पडलं समोरचा. इतकी वर्षं तो बायकोशी बोलला नसेल तेवढं समोरच्याशी बोलला होता, आणि त्यातलं एक अक्षर कानावर पडलेलं नव्हतं. दोघं एकाच बाकावर बसून डबा खायचे. मागावर परत आले की समोरचा हमखास विचारायचा, जेवलास का? रोज तोच फालतू विनोद. रोज तो हसायचा.

शेड बंद झाली त्या दिवशी व्यवस्थापक कागद घेऊन दारात उभा राहिला आणि माग थांबवायला सांगायचं विसरला. तसाच वाचत सुटला. त्याला वाटलं, या गोंगाटात कुणाला काय कळणार. शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. एकेक माग आपोआप थांबत गेला. समोरच्यानं तेवढं विचारलं:

आता?

आवाज बंद

घरी तो तसाच बोलायचा. तोंड हलायचं, आवाज नसायचा.

"अहो, आवाज काढा की," बायको म्हणायची. "मासा आहात का?"

आणि काढला की इतका मोठा निघायचा, की लेक पुस्तक उचलून जिन्यात जाऊन बसायची.

कामासाठी वणवण चालली होती. कुणी म्हणालं वय झालं, कुणी म्हणालं ऐकायला कमी येतं. एकानं विचारलं, "ओरडताय कशाला?" आणि तो ओरडूनच म्हणाला, "ओरडत नाहीये!" बायको लॉन्ड्रीत इस्त्रीला उभी राहायला लागली. लेकीचा क्लास बंद झाला. समोरचा गावभर काम शोधत फिरत होता म्हणे. दोघांनी एकमेकांकडे जाणं टाळलं. रिकाम्या हातानं कसं जायचं?

काच

गोदाम होतं. माल यायचा, खोक्यांत भरला जायचा, पट्ट्यावरून निघून जायचा. मुलाखत झाली आणि दोन साहेब काचेच्या पलीकडे जाऊन उभे राहिले.

थोरला: म्हातारा आहे.
धाकटा: चहा पाजू आणि वाटेला लावू.

ते आत आले. धाकट्यानं तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला, "चहा नको मला. निघतो."

दुखावला होता म्हणून बोलून गेला. बोलला नसता तर ही गोष्ट इथंच संपली असती, आणि बरं झालं असतं.

थोरल्या साहेबानं दार लावून घेतलं. "बसा," तो म्हणाला. "बसा, काका."

वरची खोली

खुर्ची, पंखा, भिंतभर पडदे. खालचे कॅमेरे चित्र दाखवायचे, आवाज नाही. आवाज म्हणजे हा.

"चोऱ्या होतात," साहेबानं सांगितलं. "नजर ठेवायची. कोण काय बोलतं ते मला सांगायचं."

घरी आनंदीआनंद. लेक क्लासला गेली. बायको मैत्रिणीला सांगत होती, "ऑफिसात आहेत आता. बसून काम!"

सुरुवातीला त्यानं किरकोळ काहीबाही सांगितलं. ऊन फार आहे म्हणतात. पाणी गार नाही म्हणतात.

"ऊन मला खिडकीतून दिसतं, काका. तुमचा उपयोग काय?"

त्या रात्री बायकोनं इस्त्रीचं काम सोडल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी टेप लावणारी एक मुलगी शेजारणीला म्हणाली, मनगट गेलंय माझं, कुणाला सांगू नकोस. त्यानं सांगितलं. वाटलं, औषधपाणी करतील.

आठवड्यानं ती पडद्यावर नव्हती.

तेव्हापासून तो ताटाकडे बघून जेवायला लागला.

"वर बघा की जरा," बायको म्हणायची. "तोंडं आवडेनाशी झाली का आमची?"

समोरचा

आणि एक दिवस समोरचा पडद्यावर आला. वाळलेला, दाढी वाढलेली, अंगात गोदामाचा निळा डगला. हा इकडे खुर्चीतून उठलाच. पडद्यावर हात ठेवला.

समोरच्याला गप्प बसवतं कोण? पट्ट्याच्या घरघरीत त्यानं शेजारच्यांना शेडची बोली शिकवली. थोड्याच दिवसांत सगळी रांग बिनआवाजाची बोलत होती. जड खोकी एकट्यानं उचलायची नाहीत. त्या मुलीला परत घ्या म्हणायचं. सगळ्यांनी मिळून म्हणायचं.

वरच्या खोलीत साहेब मागे येऊन उभा राहिला. "तोंडं काय हलवतात सगळे?"

तेवढ्यात समोरच्यानं मान वर केली. सरळ कॅमेऱ्यात बघितलं.

तू आहेस ना वर? मनगटाचं दुसऱ्या कुणाला कळणार? असू दे. पोटाचं मला सांगू नकोस, मलाही आहे. पण आमचं एवढं पोचवू नकोस.

आणि मग:

जेवलास का?

"काय म्हणतोय?" साहेबानं विचारलं.

त्याच्या डोळ्यांपुढे लेकीचा क्लास, बायकोचे भाजलेले हात. आणि ओठ. ते दोन ओठ.

"गाणं म्हणतोय, साहेब."

"सगळे?"

"सगळे. एकच गाणं."

बदली

सकाळी वर गेला तर साहेब दारातच.

"काल मी खाली जाऊन त्यालाच विचारलं. म्हटलं, वरची खुर्ची हवी की घरी जायचंय? शब्दन् शब्द सांगितला त्यानं. तुमच्यापेक्षा लांबून वाचतो म्हणे." साहेबाचा आवाज जराही चढला नव्हता. "तुमचं वय बघता घालवत नाही तुम्हाला. खाली टेपवर जा. आणि काका, खाली तोंडं बंद."

दाराच्या काचेतून खुर्चीची पाठ दिसत होती. ती वळली नाही.

खाली रांगेत कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. खोकं आलं, त्यानं टेप मारली. दुसरं आलं, टेप मारली. दुपारी भोंगा झाला, डबा एकट्यानं खाल्ला, परत येऊन उभा राहिला आणि सवयीनं मान वर गेली. कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता.

आवाज न काढता, तोंड मोठं उघडून, त्यानं तेच रोजचं विचारलं.

मग, शेडमधल्यासारखाच, उत्तरासाठी थांबला. पट्ट्यावरून एक खोकं टेप न लागता पुढे निघून गेलं. त्याच्यामागून दुसरं.