मला उलटं करायचं राहून गेलं

मी एक जुना पुठ्ठ्याचा नमुना आहे. मित्रांनो, मला घर समजू नका. मला दार नाही, जिना नाही. तीन घड्या, एक लांब फट आणि मधली पोकळी, एवढाच माझा संसार.

इमारतींचे आराखडे काढणाऱ्या एका ताईंनी मला बुटांच्या खोक्यातून कापलं. दवाखान्यात नातेवाइकांना बसायला नवी खोली हवी होती. आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी ताई तिथल्या जुन्या कोंदट खोलीत दिवसभर बसल्या होत्या. "दुपार झाली की संध्याकाळ, तेसुद्धा कळत नव्हतं रे," त्या मला सांगत.

त्या मला खिडकीत ठेवायच्या, एक डोळा मिटून आत बघायच्या, मग आडवं करायच्या, मग पालथं. प्रत्येक कुशीवर माझ्यातली पोकळी बदलायची. मला वर-खाली नव्हतंच! तेव्हा माझा तोरा काय वर्णावा!

एका दुपारी मी पालथा होतो. फट वर आली आणि उजेडाची पट्टी भिंतीवरून हळूहळू सरकत तळाला पोचली. "सापडली खोली!" म्हणत ताई मला तसंच ठेवून घरी गेल्या.

सकाळी ताईंच्या कचेरीतले मोठे साहेब आले. "अरेच्चा, हे पालथं पडलंय," म्हणत त्यांनी मला सुलटं केलं, फळीवर चिकटवलं आणि भोवती स्पंजची झाडं लावली. फट खाली गेली आणि डिंकाने बुजली. दवाखान्याच्या मंडळींनी माझं तोंड भरून कौतुक केलं. लाज वाटते सांगायला, पण मी फुशारलो.

ताई धावत आल्या. "अहो, हे उलटं चिकटवलंय!"

"आता मंजूर झालं. बैल गेला अन् झोपा केला, काय उपयोग?" साहेब म्हणाले.

ताईंनी मला ओढून पाहिलं. माझा तळ फाटला, पण मी सुटलो नाही. खोली बांधली गेली, तशीच, बिनउजेडाची.

दोन वर्षांनी ताई माझ्यासमोर येऊन बसल्या. डोळे सुजले होते. "आई गेली," त्या म्हणाल्या. "मी आपल्याच खोलीत बसले होते. बाहेर ऊन होतं की अंधार, तेही मला ठाऊक नाही." त्यानंतर त्यांनी मला कधी हातात घेतलं नाही.

आता मी कपाटावर धूळ खात पडलो आहे. झाडं गळून गेली. मित्रांनो, एखाद्याच्या टेबलावर अर्धवट काम पालथं दिसलं, तर ते सुलटं करण्याआधी त्याला एकदा विचारा. साहेबांनी ताईंना विचारलं असतं, तर त्या माउलीच्या लेकीला ऊन दिसलं असतं.