बरं हाये जी

माह्या मोठ्या जाऊबाईची, जयवंताची, दम्याची गोळी बंद झाली. काहून बंद झाली ते ऐकाल तं तुमचंही डोस्कं फिरन.

आम्ही दोघी नागपुरात हुडकेश्वरले लंबी रोटी करतो. उलट्या मडक्यावर, लाकडाच्या जाळावर. लग्नाचा मोसम आला का दिवसभर धूर खायचा. जयवंताचा हात असा, का पीठ कोपरापर्यंत ताणलं तरी भोक पडत नाही. पण दम्यानं तिले मडक्यापुढून उठवलं. पंप ओढून ओढून थकली बिचारी. मंग डॉक्टर म्हणाले, एका नव्या गोळीचा प्रयोग चालू हाये, घेता का? अंगातच प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होते, ते फुफ्फुसातल्या पेशींच्या दारात बसते आन् सूज आणते. ही गोळी आधीच जाऊन त्या दारात ठाण मांडते. जयवंता हो म्हणाली.

आन् खरंच फरक पडला. बाई पुन्हा मडक्यापुढं बसली, वरून मले टोमणे मारून राहिली, "देवकी, तुही रोटी हाये का गोधडी?" मी ऐकून घेतलं. तिचा आवाज पुरा निघून राहिला होता, मले तेवढं पुरे होतं.

परवा दवाखान्यात बोलावलं. डॉक्टर म्हणाले, कंपनीनं नागपुरातला प्रयोग बंद केला, आता गोळी मिळणार नाही. इथल्या पेशंटमध्ये फरकच दिसला नाही म्हणे. गोळीच्या आधी जसे, तसेच नंतर.

"कोण म्हणते?" मी म्हटलं. "गोळीच्या आधी ही बाई रातभर उशीले टेकून बसून राहे."

मुग्धा मॅडम तिथंच उभी होती. पेशंटले फोन करून तब्येत विचारायचं काम तिचं. ती हळूच म्हणाली, "काकू, मी दर आठवड्याला विचारत होते. दम लागतो का, झोप येते का. गोळी सुरू व्हायच्या आधीपासून यांचं एकच उत्तर. बरं हाये जी. सगळेच पेशंट तेच सांगत होते."

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिले म्हटलं, अवं, आमच्याकडं कोणी कसं हाये म्हणून इचारलं, तं माणूस तिरडीवरून बरं हाये जी म्हणन. परक्यापुढं रडगाणं लावायचं नाही, हेच तं शिकवलं आम्हाले. तू नागपूरचीच ना? फोनमंधून तिच्या छातीची घरघर तुले ऐकू नाही आली? एवढे शिकलेले लोक, आन् शब्द तेवढा ऐकता.

मंग जयवंतावर भडकली मी. "बाई, डॉक्टरच्या माणसापुढं कायची लाज?"

ती खाली पाहून म्हणे, "पोरगी मायेनं इचारे वं. तिच्या जिवाले कायले घोर लावायचा?"

डॉक्टर म्हणाले, कंपनीला कळवून पाहतो. त्यांच्या तोंडावरूनच समजलं का काही व्हायचं नाही.

आता पुन्हा पंप. काल मी एकटीच रोट्या टाकून राहिली होती. जयवंता दूर भिंतीले टेकून बसली होती, तिच्या श्वासाची शिट्टी मले मडक्यापर्यंत ऐकू येत होती. तेवढ्यात प्रताप नगरवरून माह्या लेकीचा, रितिकाचा फोन आला. "आई, मोठी आई कशी हाये?"

जयवंतानं दुरूनच हात हलवला, सांगू नको म्हणून. सारंच सांगणार होती मी.

"बरी हाये वं," मी म्हटलं.

जयवंता माह्याकडं पाहून हासली, आन् हासता हासता तिले खोकल्याची उबळ आली.